पेटीमास्तरांना विचारा : शनिवारी रात्री मांगरात

दिवाळीच्या सुमारास याच सदरात मी सहज लिहून गेलो होतो, की नातीने मला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' शिकवलं आणि त्या खेळात मी धोंडू नावाचा बुटका लोहार आहे. तेव्हापासून टपालात मोहरावरच्या तुडतुड्याचे प्रश्न कमी आणि या खेळाचे जास्त. यावेळी चार पत्रं एकदम घेतो. पहिल्याला जागा जास्त लागेल. ते मला दोनदा वाचावं लागलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला.

प्रश्न : मास्तर, आमची साठ-सत्तर हापूसची कलमं आहेत. मुलगा पंचवीस वर्षांचा, इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी हे अचानक गेले आणि तो पुण्याची नोकरी सोडून घरी आला. फवारणी, राखण, पेट्या भरणं, बँकेचे हप्ते, सगळं तोच बघतो. दर शनिवारी रात्री त्याचे चार मित्र येतात आणि बागेतल्या मांगरात (खोपटात) रिकाम्या पेट्या उलट्या घालून बसतात. फासे टाकतात. पैसे लावत नाहीत, दारू नसते, ते मी बघून घेतलंय. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. माझा मुलगा एक म्हातारा होडीवाला होतो. मागच्या शनिवारी चहा घेऊन गेले तर तो त्या म्हाताऱ्याच्या आवाजात बोलता बोलता रडत होता. मी किटली बाहेरच ठेवली न् परत आले. वडील गेले तेव्हा हा रडला नव्हता. जाऊ म्हणते, या खेळापायी अमेरिकेत पोरं वेडी होऊन भुयारात शिरली, तिने मोबाइलवर बघितलं. दीर म्हणतात, हा पळपुटेपणा आहे. मी काय करू? – एक आई, देवगड तालुका

उत्तर : ताई, आधी जावेचं भूत उतरवतो. १९७९ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात विद्यापीठात शिकणारा सोळा वर्षांचा एक फार हुशार मुलगा वसतिगृहातून नाहीसा झाला. त्याला शोधायला नेमलेल्या खासगी गुप्तहेराने तर्क लढवला, की विद्यापीठाखाली वाफेच्या नळांची भुयारं आहेत, तिथे हा खेळ खेळायला जाऊन तो हरवला असेल. वर्तमानपत्रांनी तो तर्क बातमी म्हणून छापला. मुलगा पुढे दुसऱ्याच राज्यात सापडला. त्याची दुःखं खरी होती, मोठी होती, पण ती खेळातून आलेली नव्हती. हे कळेपर्यंत भुयाराची गोष्ट गावोगाव पोचली होती. आता ती सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांनी तुमच्या जावेच्या मोबाइलवर उतरली, एवढंच.

खेळ काय आहे तेही सांगतो, म्हणजे दीर विचारतील तेव्हा तुमच्याकडे उत्तर असेल. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो अमेरिकेत छापून विकायला काढला. त्याआधी ही मंडळी टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडून लढाया खेळायची. एकेक खेळाडू अख्खी फौज हलवायचा. या दोघांनी फौज काढून घेतली आणि प्रत्येकाच्या हातात एकच माणूस दिला. त्या माणसाला नाव आलं, जखमा आल्या, आणि पुढच्या आठवड्यात खेळ पुन्हा सुरू झाला की तो त्याच जखमा घेऊन उभा. म्हणून तुमच्या मांगरातला होडीवाला एका रात्रीचा नव्हे. तो कित्येक शनिवार मुरलेला आहे.

आता रडण्याकडे येतो. मी वेंगुर्ले तालुक्यात शाळेत गणित शिकवायचो आणि जत्रांच्या दिवसांत रात्री दशावताराला पायपेटी वाजवायचो. सिंधुदुर्गातल्या वाचकांना सांगायला नको, पण सदर मुंबईतही वाचतात. आमच्या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोणी कोण व्हायचं ते ठरतं, आणि बाकी सगळं उभ्या उभ्या, तोंडाला येईल तसं. राजा राजासारखा बोलला की समोरच्या ऋषीला ऋषीसारखं उत्तर द्यावं लागतं. तुमची पोरं मांगरात करतात ते याहून फार वेगळं नाही. फक्त यांना फासे आहेत, आम्हाला पेटी आणि मृदंग होता.

एकदा एका जत्रेत हरिश्चंद्राचं आख्यान लागलं होतं. पहाटेचे चार. स्मशानात तारामती मेलेलं मूल घेऊन आली. हरिश्चंद्र झालेला नट रडायला लागला आणि ते रडणं खोटं नव्हतं. रंगावरून ओघळ, नाक गळतंय, बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. त्या सगळ्यात त्याचा डावा हात पाठीमागे होता आणि त्या हाताची तीन बोटं मला दिसत होती. घसा बसला होता त्याचा. काळी चारवरून काळी तीनवर ये, असं तो मला सांगत होता. मी सूर खाली घेतला, त्याने पुढचं पद त्याच सुरात उचललं, आणि लोक पुन्हा रडले. सकाळी तो गळ्यावरचा रंग तसाच ठेवून माझ्या बाजूला बसून भजी खात होता. मी विचारलं, रडलास ता खरां काय रे? म्हणाला, "खरांच ता. पण तुझी पेटी आयकाक येय होती मरे."

अमेरिकेतल्या एका समाजशास्त्रज्ञाने, गॅरी अ‍ॅलन फाइन त्याचं नाव, या खेळाच्या खेळाडूंमध्ये बसून १९८३ साली पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की तिथे बसलेला प्रत्येकजण एकाच वेळी तीन जागी असतो. घरदार असलेला माणूस, फाशांचा हिशोब करणारा खेळाडू, आणि गोष्टीतलं पात्र. बोलता बोलता तो या तिन्ही खोल्यांत ये-जा करतो. आमच्या हरिश्चंद्राची तीन बोटं मी बघितली होती, म्हणून मला ते लगेच पटलं. आपल्याकडे अंगात येतं, अवसर येतो, तेव्हा माणसाला नंतर काही आठवत नाही असं म्हणतात. तुमच्या मुलाला अवसर आलेला नाही. तो रडत असतानाही त्याची पाळी आल्यावर त्याने फासा टाकला असेल, पाहिजे तर विचारा.

पळपुटेपणाचं मात्र इतक्या लवकर आटपत नाही. त्याबाबत मी जाणकार आहे. माझ्या बायकोची किडनी गेली त्या दोन हिवाळ्यांत मी जितकी पेटी वाजवली तितकी आयुष्यात वाजवली नाही. एरवी आठवड्याला दोन जत्रा करायचो, त्या वर्षी बोलावणं आलं की निघालो. दिवसा शाळा, रात्री मांडव. घरी पेज शिजवायला, औषधाच्या वेळा लक्षात ठेवायला माझी तेरा वर्षांची मुलगी. पडदा उघडला की मला घरचा वास विसरायला व्हायचा, डेटॉलचा आणि उकडलेल्या भाताचा. दुसऱ्या वर्षी गावाने माझा सत्कार केला. मोरपंखी रंगाची शाल होती. कलेची सेवा वगैरे भाषणं झाली. पळपुटा असं मला कोणी म्हटलं नाही, कारण मी पुराणातल्या गोष्टीत पळत होतो. मी खोपटात बसून फासे टाकले असते तर दुसऱ्या दिवशी भावकी दारात आली असती. मुलीने तेव्हाही काही म्हटलं नाही. आजही मी पेटी काढली की ती उठून स्वयंपाकघरात जाते.

तेव्हा दिरांना एवढंच विचारा, की शनिवारी रात्री बागेतलं कुठलं काम अडलं? कोणाच्या डोक्यावर पडलं? तुमच्याच पत्रात मुलाच्या कामांची यादी आहे आणि ती मी मोजली. त्यातलं एकही दुसऱ्या कोणाला करावं लागलेलं दिसत नाही. आठवड्याचे सहा दिवस आणि सहा रात्री बापाची जागा चालवणाऱ्या पोराने सातव्या रात्री चार माणसांत जाऊन बसावं, याला मी पळणं म्हणणार नाही. बरं, पळून तो गेला कुठे? तुमच्या हाकेच्या अंतरावर.

मला वाटतं, तुम्हाला वेडाची भीती नाही. तुम्हाला लागलंय ते हे, की तो रडला आणि तुमच्यापुढे रडला नाही. ते लागणारच. पण तुमच्यापुढे त्याला रडता येत नाही, कारण तुमच्यापुढे तो घरचा कर्ता आहे. होडीवाला म्हातारा कोणाचा कर्ता नाही. खेळणारे लोक याला 'ब्लीड' म्हणतात, म्हणजे खेळणाऱ्याचं पात्रात आणि पात्राचं खेळणाऱ्यात झिरपणं. आपल्या जांभ्याच्या विहिरीसारखंच. पाऊस पडतो एकीकडे, झरा लागतो भलतीकडे.

पुढच्या शनिवारी किटली बाहेर ठेवू नका, आत न्या. आणि रविवारी सकाळी "तू का रडत होतास" हे विचारू नका. "त्या होडीवाल्याचं पुढे काय झालं?" असं विचारा. तो आधी चमकेल, मग सांगेल, आणि एकदा सांगायला लागला की जेवण निवेल. ऐकताना बघा, होडीवाला विडी कशी धरतो, खोकतो का, कोणत्या शब्दावर अडतो. ओळखीचं काही सापडलं तर तोंडातून काढू नका. त्याला ठाऊक असेल किंवा नसेल, ते त्याचं त्याला कळू दे.

एक काळजी मात्र घ्या. शनिवार सोडून बाकीचे दिवस त्याला नकोसे झाले, झोप उडाली, जेवण सुटलं, बागेतून लक्ष गेलं, तर तो प्रश्न खेळाचा राहत नाही. तेव्हा डॉक्टर गाठा. सरकारची 'टेलि-मानस' म्हणून सेवा आहे, १४४१६ हा नंबर, मराठीत बोलतात. नंबर घरात कॅलेंडरवर लिहून ठेवायला काही हरकत नाही. आणि गोष्ट सांगणाऱ्या मुलाला माझा निरोप द्या. पेट्यांच्या मध्ये एका कागदावर फुली काढून ठेवायची. इंग्रजीत याला 'एक्स कार्ड' म्हणतात. कोणालाही एखादा प्रसंग झेपेना झाला की त्याने कागदाला बोट लावायचं, आणि बाकीच्यांनी कारण न विचारता तो प्रसंग ओलांडून पुढे जायचं. मृत्यूचे प्रसंग चालू असतील तर हा कागद हवाच.

प्रश्न : मी गोष्ट सांगतो, म्हणजे आमच्या ग्रुपचा डीएम आहे. पुस्तकातली वर्णनं नीट वाचून दाखवतो, बॅकग्राउंडला म्युझिक लावतो, नकाशे प्रिंट करतो, तरी पोरं रंगत नाहीत. अर्ध्या तासात सगळे मोबाइलवर. इमर्शन कसं आणायचं? – विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : पुस्तक मीट.

दशावताराच्या रंगमंचावर एक बाक असतो. तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ, शयनगृहात तोच पलंग. तीनशे माणसं रात्रभर त्या बाकावर डोंगर बघतात, कारण नट त्यावर चढताना धापा टाकतो. तू पोरांना नकाशा छापून देतोस, मग त्यांनी डोळ्यांपुढे आणायचं काय? वर्णन दोन वाक्यांचं कर आणि तिसरं त्यांच्याकडून काढ. "तू दार ढकललंस. हाताला काय लागलं?" एवढं विचारून गप्प बस. पोरगा म्हणेल, ओल. दुसरा म्हणेल, बुरशीचा वास येतोय. झालं, आता ते दार त्यांचं.

दुसरं, भाषा. आपल्या घरी भुताची गोष्ट इंग्रजीत कोणी सांगत नाही. ते पुस्तकातलं ओक वृक्षांचं रान आणि बर्फ सोडून दे. तुमच्यातल्या किती जणांनी ओक बघितलाय? मी नाही बघितला. पावसाळ्यात लाईट गेलेली, चोंड्यात पाणी भरलेलं, बेडूक ओरडताहेत आणि एकाएकी ओरडायचे थांबले, हे सांग. मानेवरचा केस उभा राहील. आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठाल्या चामडी चपला वाहतात आणि देव रात्री फिरतो म्हणून त्या झिजतात, ही श्रद्धा तुला माहीत असेल. देवाला तुझ्या गोष्टीत राक्षस करून उभा करू नकोस, मला चालणार नाही आणि तुझ्या आजीलाही. पण रात्री पाणंदीतून जाणाऱ्या चपलांचा आवाज, आणि दिसत कोणी नाही, हे उसनं घ्यायला हरकत नाही.

खेळ सुरू करताना आम्ही गाऱ्हाणं घालतो. नात उभी राहून म्हणते, "बा देवा म्हाराजा, मागच्या खेपेक ह्येंनी पूल जाळल्यानी, आता ह्यांका पलीकडे जावक होया..." आणि आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" मागची गोष्ट आठवून होते, आणि तिसऱ्या 'व्हय म्हाराजा'ला आवाज आपोआप बदललेला असतो. नियम अडला तर पुस्तक चाळू नकोस. सोपं असेल तर दहा, बरं अवघड असेल तर पंधरा, फारच असेल तर वीस, असा फाशावर गाठायचा आकडा सांगून टाक आणि खरं-खोटं दुसऱ्या दिवशी बघ. मोबाइल रोवळीत गोळा कर. रोवळी आत ठेवून ये.

आणि सगळ्यांनी सगळा वेळ बुडूनच राहायला हवं हा हट्ट सोड. युरोपात उत्तरेकडे या खेळाच्या दुसऱ्या एका प्रकारात, जिथे पोशाख करून प्रत्यक्ष वावरतात, पंचवीसएक वर्षांपूर्वी जाहीरनामेसुद्धा निघाले, की पात्राशी एकरूप होणं हेच साध्य. मला ते सोवळं वाटतं. आमच्या मांडवात अर्धे लोक मधल्या प्रसंगाला खाजं आणायला उठायचे आणि युद्धाला बरोबर परत येऊन बसायचे.

प्रश्न : आमच्यातला एकजण चोराचं पात्र घेतो आणि आमच्याच वस्तू चोरतो, आमची गुपितं शत्रूला विकतो. भांडलो तर म्हणतो, "मी नाही, माझं कॅरेक्टर तसं आहे." – तिघे मित्र, कणकवली

उत्तर : आमच्या दशावतारातला संकासुर वेद चोरतो. रोज चोरतो, त्याचं कामच ते. पण मी एवढी वर्षं त्याच्याशेजारी बसलो, त्याने माझी तपकिरीची डबी कधी पळवली नाही. पात्र त्यानेच निवडलंय ना? मग दुसरं निवडू दे. आणि हे त्याला खेळ थांबवून, त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून सांगा. गोष्टीतल्या गोष्टीत त्याचा काटा काढायला जाल तर सहा महिने त्यातच जातील.

प्रश्न : खर्च किती येतो? वीस बाजूंचा फासा इथे कुठे मिळणार? – एक वाचक, मालवण

उत्तर : खर्च जवळजवळ नाही. मूळ नियम कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पेन्सिल-वही घरात असेल. फाशांचा संच ऑनलाइन मिळतो. त्यात चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे येतात. यातल्या दहा बाजूंच्याला सोडलं तर बाकीचे पाच म्हणजे भूमितीतल्या पाच सुसम घनाकृती, ज्या मी तीस वर्षं फळ्यावर काढल्या आणि एकाही पोराने हातात घेऊन बघितल्या नाहीत. विसाच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज एकवीस येते, बघा.

मी हौसेने सावंतवाडीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून विसाचा फासा करून घेतला. वीस समभुज त्रिकोण, तीस कडा, बारा टोकं, पुठ्ठ्याचा नमुना करून दिला. त्याने तो बघून मला चहा पाजला आणि म्हणाला, मास्तर, आंबा करून देऊ काय? शेवटी केला, रंगही सुंदर दिला, पण एका अंगाला लाकडाची गाठ होती. तो सारखा सातावर पडतो. धोंडूचे निम्मे पराभव त्या गाठीमुळे आहेत. प्लास्टिकचा फासा सरळ आहे का ते मिठाच्या पाण्यात तरंगवून कळतं. टिचकी मारून फिरवला आणि दर वेळी तोच आकडा वर आला तर समजायचं, आत पोकळी आहे. समुद्राचं पाणी त्याला पुरत नाही, मी बाटली भरून आणून बघितलं, फासा बुडाला. ग्लासभर पाण्यात शिरोड्याचं जाडं मीठ विरघळेल तितकं विरघळवा, मग तरंगतो.

ता. क. धोंडूचं काय झालं, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. तो एका पडक्या विहिरीत दोरीला लोंबकळतोय. नातीची बारावीची परीक्षा आहे, त्यामुळे महिनाभर तसाच लोंबकळणार. परवा रात्री ताटं घेताना तिची आई, म्हणजे माझी मुलगी, मला म्हणाली, "बाबा, ती दोरी वर कोणी धरलीय?" मी म्हटलं, अजून ठरायचंय. तिने भात वाढला. मग म्हणाली, "मग मी धरते. तो विसाचा फासा दाखवा बघू मला."